मोठ्या बाईंची परवानगी

नॉर्थ पॉइंट,
बुधवार, सकाळ

प्रिय बर्नाडेट,

'प्रिय' लिहिण्याआधी मी पेन दोनदा खाली ठेवलं. पण मदर क्लोटिल्डच्या वर्गात पत्रलेखनाला दहापैकी नऊ गुण मिळवलेली बाई मी, मायना गाळणं मला जमत नाही. तेव्हा तू प्रिय आहेस असं समज आणि पुढे वाच. कालपासून तू अकरा वेळा फोन केलास. फोन वाजत होता तेव्हा मी त्याच्यासमोरच बसले होते, बिस्किट खात. उचलला नाही, कारण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि आत्ता मला भांडायला वेळ नाही. शुक्रवारी पाचच्या आत सीमेपलीकडच्या, मा च्या गावच्या त्या शुनडाकच्या वृद्धाश्रमाच्या इथल्या मोंग कोकमधल्या कचेरीत कागद पोचला पाहिजे. त्यावर दोन्ही मुलींच्या सह्या हव्यात. तुझी झालेली आहे, माझी नाही. कागद पोचला नाही तर खाट दुसऱ्या कोणाला जाईल आणि मा इथेच, शाऊ केई वानच्या आश्रमातल्या त्या फळकुटांच्या खोलीत राहील. हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की पाढ्यासारखं पाठ झालंय.

आधी त्या रविवारचं बोलू, कारण तो माझ्या घशात अडकून राहिलाय. बावीस वर्षं आपण एकाच चहाघरात, खांबाजवळच्या एकाच टेबलावर बसतोय. मी नेहमीसारखी पहिल्या चहाने वाट्या आणि चॉपस्टिक्स विसळत होते आणि तू कोळंबीच्या मोमोंच्या टोपलीखालून तो कागद माझ्याकडे सरकवलास. मी विचारलं, "हे काय?" तू म्हणालीस, "वाच." मी म्हटलं, "चष्मा नाही आणला." तू म्हणालीस, "नाकावर आहे, गाजे." थोरल्या बहिणीला गाजे म्हणायचं ते मान म्हणून, तू टोमणा म्हणून म्हणतेस. एवढं होईपर्यंत आपल्या टेबलावर जागा वाटून बसलेल्या त्या टकल्या काकांनी पेपर खाली घेतला होता. या शहरात माणसं टेबल वाटून घेतात ते ठीक, पण त्याबरोबर दुसऱ्याची आईसुद्धा वाटून घेतात हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. "माझ्या मेहुण्याला आम्ही तिकडेच ठेवलंय," ते म्हणाले. "मोठं अंगण आहे. कोंबड्या आहेत." मी म्हटलं, "तुमच्या मेहुण्याला कोंबड्यांची सोबत पुरत असेल. आमची आई माणसांत राहिलेली आहे."

तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "माणसांत? तिच्या खाटेला खिडकी नाही गाजे. कपाटाचं दार अर्धंच उघडतं, कारण मध्ये शेजारच्या म्हातारीची खाट येते. आणि रोज दुपारी ती पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसते. रोज. घरी जायचंय म्हणते. तिकडे तिची बोली बोलणाऱ्या बायका आहेत, तळी आहेत." मी म्हणाले, "पंचाण्णव वर्षांच्या बाईला सीमेपलीकडे धाडायचं म्हणजे चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट परत पाठवण्यातला प्रकार आहे. या शहरात तिने पन्नास वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुतले. शहराने तिला एक खाट द्यायला काय होतं?" त्यावर तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "मी तुझं मत विचारत नाहीये, गाजे. सही मागत्येय." आणि मग, किटलीचं झाकण उलटं ठेवून तू वेटरला पाणी मागितलंस आणि त्याच आवाजात मला विचारलंस, "तू तिला शेवटचं कधी भेटलीस?"

मी म्हटलं, माझा गुडघा दुखतो. ट्रामच्या पायऱ्या झेपत नाहीत. आणि उठून आले.

त्यानंतर पाच रविवार गेले. तू नऊला जातेस हे मला माहीत आहे, म्हणून मी सहाला जाते. परवाच्या रविवारी वेटर म्हणाला, "एक बहीण सहाला, एक नऊला, मधले तीन तास मी टेबल पुसत बसतो. दोघींनी साडेसातला आलात तर माझं फडकं तरी वाचेल." मी त्याला म्हटलं, फडकं धू आधी. पण त्या सहाच्या चहाला चव नसते, हे खरं आहे. अर्धी टोपली उरते आणि ती बांधून आणायची मला लाज वाटते.

आता काल काय केलं ते सांगते. फादरना शनिवारी कन्फेशनमध्ये सांगणार होते, पण आधी तुला सांगायला हवं. काल पंचांगातला किडे जागे होण्याचा दिवस होता, शत्रूच्या नावाने मार देऊन घ्यायचा. कॉजवे बेच्या उड्डाणपुलाखाली, जिथे त्या म्हाताऱ्या बायका चपलेने कागदाची माणसं बडवतात, तिथे मी गेले. चुकून गेले नाही. मुद्दाम, कपडे बदलून, छत्री घेऊन गेले. छत्तीस वर्षं मी कचेरीला जाताना ट्राममधून त्या बायकांकडे बघून नाक मुरडलं. शाळेत आपल्याला काय शिकवलं होतं ते मला पाठ आहे. तरी गेले, कारण शुक्रवार जवळ येत होता, तुझा फोन थांबत नव्हता, आणि तू त्या कागदासकट माझ्या दारात येऊन उभी राहिलीस तर मी नाही म्हणू शकेन की नाही, याची मला खात्री वाटत नव्हती. कोणीतरी तुला थांबवायला हवं होतं. पोलिसांकडे जाता येत नाही, फादरकडे जाता येत नाही. मग उरतो तो पूल.

रांग ट्रामच्या थांब्यापर्यंत गेलेली. बँकेतल्या बाया, बुटांच्या दुकानातल्या पोरी, कोट घातलेला एक वकील, सगळे आपापला शत्रू खिशात घेऊन उभे. वर गाड्यांची धडधड, खाली मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर, आणि चपलांचा फटाक फटाक आवाज. माझ्या वाटणीला आलेली बाई माझ्याच वयाची, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसलेली, पुढे वीट, हातात झिजलेली चप्पल. तिने वरसुद्धा न बघता विचारलं, "कोण? सून का?" मी म्हटलं, "लग्नच झालं नाही, सून कुठून येणार?" "मग साहेब?" "निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली." आता तिने मान वर केली. "नवरा नाही, सून नाही, साहेब नाही. मग बाई, मारायचं तरी कोणाला?" मी म्हटलं, "बहिणीला." "धाकटीला ना?" "तुम्हाला कसं कळलं?" "धाकट्याच मार खातात इथे. थोरल्या स्वतः येतात."

पांढऱ्या कागदाच्या माणसावर मी तुझं घरचं नाव लिहिलं. मोक साऊ-लान. जन्मतारीखही लिहिली. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत नोकरी केलेली बाई तारीख चुकणार नाही. ती बडवायला लागली आणि तोंडाने म्हणायला लागली, डोकं बडवते, डोक्यातली खोड जाऊ दे, तोंड बडवते, तोंडातलं आडवं बोलणं जाऊ दे. मी मध्येच म्हटलं, "हातावर मारा. हातात एक कागद आहे, तो गळून पडला पाहिजे." ती म्हणाली, "कोर्टाचा का?" मी म्हटलं, "तुम्ही मारा." आणि तिने मारलं. तुझ्या चिंधड्या उडेपर्यंत मारलं. आणि ऐक, मला बरं वाटलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत वाटायचं तसं, हलकं, भूक लागल्यासारखं. हे लपवून पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही.

मारून झाल्यावर दुसरा कागद येतो, लाल, त्यावर आपलं स्वतःचं नाव लिहायचं आणि ती आपल्यासाठी रक्षण मागते. मी लिहिलं, मोक साऊ-किंग. तिने तो मेणबत्तीजवळ धरला, नाव अर्धं मोठ्याने वाचलं आणि थांबली. मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बाई," ती म्हणाली, "हे नाव मी शनिवारी मारलंय."

मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, "या विटेवर दिवसाला शंभर नावं फुटतात, मला एक आठवत नाही. हे आठवलं. बुटकीशी बाई, हिरवी कापडी पिशवी, दर वाक्याला नाक ओढते." नाक ओढायची तुझी सवय सिस्टरांनी सात वर्षं रुमाल देऊनही गेली नाही. "तिने पांढऱ्या कागदावर हे नाव लिहिलं आणि माझ्या हातातून चप्पलच काढून घेतली. म्हणाली, मी मारते. असं चालत नाही इथे, पण तिचे डोळे बघून दिली मी. अशी मारली बाई, विटेचा कोपरा उडाला, हा बघा." खरंच उडालेला होता. मागून रांगेतल्या कोणीतरी ओरडलं, "आजी, गप्पा घरी मारा, आम्हाला परत ऑफिसला जायचंय!" तिने त्याच्याकडे चप्पल उगारली आणि मला म्हणाली, "मग मी लाल कागद दिला. म्हटलं, आता तुमचं नाव लिहा. तर तिने पुन्हा हेच नाव लिहिलं. मी म्हटलं, बाई चुकलात, हिला तर आत्ता फोडली आपण. तर म्हणाली, चुकले नाही, हिलाच सांभाळायला सांगा, चौथ्या मजल्यावर एकटी राहते आणि जिन्यात दिवा नाही. तीस वर्षं मी इथे बसत्येय. ज्याला मारलं त्याच्याचसाठी मागणारी ही पहिली."

मी म्हटलं, "बरं. आता माझ्यासाठी पुढचं म्हणा." तिने लाल कागद घडी करून माझ्या हातात परत ठेवला. "तुमच्यासाठी शनिवारी मागून झालंय. देव काही बहिरे नाहीत. उठा, मागे रांग आहे."

मी उठले. पुलाबाहेर आले तर कुठल्यातरी खिडकीतल्या एसीचं पाणी नेमकं माझ्या मानेवर पडलं, तेव्हा मी त्या खिडकीच्या नावाने जे बोलले ते इथे लिहीत नाही. पूर्वेची ट्राम आली, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. पायऱ्या चढताना गुडघा दुखला नाही. तो कधीच दुखत नव्हता, बर्नाडेट. तू मला मारलंस याचा राग मी नॉर्थ पॉइंटपर्यंत नीट सांभाळून आणला. तू माझ्यासाठी मागितलंस याचा राग मला आवरेना. जिन्यातला दिवा गेलाय हे मी तुला कधी सांगितलं? म्हणजे तू येऊन गेलीस. चार मजले अंधारात चढून माझ्या दारापर्यंत आलीस आणि घंटा न वाजवता परत गेलीस. माझा थांबा आला आणि मी उतरले नाही. ट्राम जिथे संपते त्या शाऊ केई वानपर्यंत बसून राहिले.

आता ते सांगते, जे मी चहाच्या टेबलावर गिळलं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, तू दुपारी मा ला तांदळाचे लाडू भरवून गेलीस आणि मी चारला गेले. थंडी होती म्हणून मी तो लांब करडा स्वेटर घातला होता, वर गळ्यातला क्रॉस. मी पडदा सारला आणि मा उभी राहिली. काठीशिवाय. दोन्ही हात पोटाशी जोडून, मान खाली, कपडे नेऊन द्यायला आल्यावर शाळेच्या मागच्या दाराशी उभी राहायची तशी. मला वाटलं तिला पडायला होतंय. मी धरायला गेले तर ती मागे सरकली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, हात ओले आहेत माझे."

ते वर्ष तुला आठवत नसेल, तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. मी अकरा. देवाला सगळी लेकरं सारखी असतील तर पैसे भरणाऱ्या मुलींना पुढचे बाक का, असं मी वर्गात विचारलं होतं. मला आजही ते विचारायचं आहे. मदर क्लोटिल्डने, मा तिला मोठ्या बाई म्हणायची, मा ला धुण्यावरून बोलावून घेतलं. अर्धा तास दार बंद होतं. मग मा बाहेर आली, आणि सगळ्या वर्गासमोर तिने माझ्या मुस्कटात मारली. तिच्या बोटांना खळ होती. माझ्या गालावरून निळ्या गणवेशावर पांढरा चुरा पडला आणि मुली हसल्या. साठ वर्षं मी धरून चालले की दार बंद झाल्यावर मा मदर क्लोटिल्डच्या बाजूची झाली. मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मी तिची औषधं आणली, बिलं भरली, दर रविवारी तिला चहाला नेलं, आणि कधी, एकदाही, तिच्या हाताला हात लावून बसले नाही. तू बसायचीस. मला वाटायचं, धाकट्यांना ते शोभतं.

त्या दिवशी पडद्याआड, शेजारच्या म्हातारीच्या टीव्हीचा आवाज चालू असताना, मा ने मला ते बंद दारामागचं सगळं ऐकवलं. "मोठ्या बाई, थोरलीचं नाव पटावरून काढू नका. वेदीवरची कापडं मी रविवारीही धुईन, त्याचे काही मागणार नाही. जीभ तिखट आहे तिची, मला ठाऊक आहे. पण बाई, आमच्या घरात मला बोलायची सोय नाही. ती माझ्या वाटचं बोलते. मी तिला बाहेर जाऊन मारते, सगळ्यांसमोर मारते, म्हणजे तुमचा शब्द राहील. नाव तेवढं काढू नका."

आणि मी काय केलं? मी नोंदणी कचेरीतली बाई. चुकीची नोंद दिसली की दुरुस्त करायची. मी म्हटलं, "मा, मी साऊ-किंग. मीच ती थोरली. मदर क्लोटिल्ड जाऊन चाळीस वर्षं झाली. तू आता शाऊ केई वानला राहतेस." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. आपली विनंती ऐकून घेतलीच नाही, एवढंच तिला कळलं. ती म्हणाली, "बरं. मी बाहेर थांबते." उशाशी होती ती पिशवी घेतली आणि जाऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. मी मागच्या जिन्याने निघून आले. पुढच्या दाराने जायचं तर तिच्यासमोरून जावं लागलं असतं.

तेव्हा तू जेव्हा मला म्हणालीस की मा रोज पिशवी घेऊन दाराशी बसते, तेव्हा ती का बसते हे मला माहीत होतं. ती उत्तराची वाट बघत होती. अकरा आठवडे. तुला वाटलं तिला गावी जायचंय आणि तू तिच्यासाठी खाट शोधलीस, कागद आणलास, धावाधाव केलीस. मी गप्प राहिले. सही केली असती तर ती गेली असती, आणि मग तिने मला पुन्हा ओळखायची शक्यता संपली असती. दर दिवशी सकाळी मला वाटायचं, आज जाऊन बघावं, आज कदाचित साऊ-किंग म्हणेल. दर दिवशी दुपारी गुडघा दुखायचा. शहराने तिला खाट द्यावी वगैरे मी जे बोलले, ते टकल्या काकांसाठी होतं.

काल मी पुढच्या दाराने आत गेले. ती खुर्चीतच होती. पिशवी मांडीवर, तिचे दोन्ही बंद मनगटाला गुंडाळलेले. तिथली सेविका आह-फुंग मला बघून म्हणाली, "आलात? आजी जेवायच्या वेळेपर्यंत इथून हलत नाहीत. परवा तर झोपल्याच बसल्या बसल्या. कोणाची वाट बघता विचारलं की म्हणतात, आत बोलणं चाललंय." मा उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि समोर दुसरी खुर्ची ओढून घेतली. मला घाम फुटला होता. सत्त्याहत्तर साली मला बढतीची मुलाखत द्यायची होती तेव्हासुद्धा असा फुटला नव्हता. खोटं बोलायचं होतं, बर्नाडेट, तेही क्रॉस घालून, मेलेल्या बाईच्या नावाने, आणि स्वतःच्या आईशी. आणि मला भीती खोट्याची नव्हती. मी एकदा मोठ्या बाई झाले की साऊ-किंग तिच्यासाठी कायमची वर्गात राहणार, याची होती.

मी म्हटलं, "मिसेस मोक, मी विचार केला. तुमच्या थोरल्या मुलीचं नाव पटावर राहील." तिने पिशवीच्या बंदांचा मनगटाला आणखी एक वेढा घातला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग तिने विचारलं, "कायमचं?" मी म्हटलं, "कायमचं." तिने पिशवीच्या बंदांमधून हात सोडवला आणि तळहात मांडीला पुसला, कोरडा होता तरी पुसला, आणि माझा हात धरला. किती हलका झालाय तो हात, तुला माहीत आहे, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मारते तिला, पण फार नाही. खळ असते हाताला, डोळ्यात जाईल तिच्या." मी म्हटलं, "मारू नका. तिने विचारलं ते बरोबर होतं." हे मदर क्लोटिल्ड कधी म्हणाली नसती. पण काल मोठी बाई मी होते, आणि तेवढा अधिकार मी वापरला.

मग ती म्हणाली, "आता मी जाऊ?" मी विचारलं, "कुठे जायचंय तुम्हाला?" मला आशा होती, ती म्हणेल खाटेवर, म्हणेल जेवायला. ती म्हणाली, "घरी. शुनडाकला. तळ्यातला गाळ काढायचे दिवस आलेत, तुतीला घालायला लागतो." आणि मग माझ्या अंगावर वाकून, दुसऱ्या कोणी ऐकू नये म्हणून हळू आवाजात, "तुम्ही सांगितलंत तर सोडतील मला. इथली माणसं तुमचं ऐकतात." आह-फुंग भांड्यांची गाडी ढकलत चालली होती, ती थांबून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "जा तुम्ही, मिसेस मोक. परवानगी आहे." मा ने पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि ती गाढ झोपली. तिथेच, माझा हात हातात ठेवून. तासभर मी हलले नाही. पाय मुंग्यांनी भरून गेला तरी नाही.

मघाशी बारावा फोन वाजला, तो मी उचलला, कारण तो आह-फुंगचा होता. ती म्हणते, मा सकाळपासून तीनदा विचारून गेली, मोठ्या बाई नक्की हो म्हणाल्या ना? म्हणून हे पत्र टपालात न टाकता मी आत्ता शाम शुई पोला येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. घंटा मीही वाजवणार नाही, आज तुझ्यासमोर माझ्याच्याने बोलवणार नाही. आह-फुंगकडे तू माझ्यासाठी ठेवलेला कागद मी काल घेऊन आले, तो सोबत आहे. सही केली आहे, तारीख घातली आहे. शुक्रवारपर्यंत थांबू नकोस, उद्याच नेऊन दे. शनिवारी आठला शुनडाकची गाडी येईल तेव्हा मी त्या खुर्चीजवळ असेन, करड्या स्वेटरमध्ये. गाडीत तिसरी जागा ठेव, कारण ती वाटेत विचारणार, सीमेवर विचारणार, खाटेवर निजवताना विचारणार, आणि हो म्हणायला कोणीतरी तिथे लागणार. आता एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले ते ऐक. शनिवारी तिच्यासमोर मला गाजे म्हणू नकोस. सत्तर वर्षांची सवय आहे, तोंडून निसटेल, म्हणून आजपासूनच घोकायला लाग. मोठ्या बाई म्हण, मान खाली घालून म्हण, तुला ते कधी जमलं नाही. आणि मा ने विचारलं, थोरली कुठे आहे, तर माझ्याकडे बघू नकोस. सांग, वर्गात आहे.

शनिवारी सकाळी आठपर्यंत तुझीच,
गाजे